सही, स्वाक्षरी आणि बेसबॉलचे जुने खेळाडू

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या मालिकेत बेसबॉल कुठून आला? तर तो ज्ञानमीमांसेच्या दारातून आला. एखादी गोष्ट ‘खरी’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? या प्रश्नाला संग्राहक रोखीने पैसे मोजून उत्तर देत असतात, म्हणून त्यांच्याकडे बघायचं.

नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ साली एक भेद मांडला. कादंबरीची बिनचूक प्रत काढली तर ती तीच कादंबरी असते. चित्राची हुबेहूब प्रत काढली तर ती नक्कलच राहते, कारण तिथे कोणाच्या हातून झालं याला महत्त्व असतं. अशा कलांना त्यांनी ‘ऑटोग्राफिक’ म्हटलं. (गुडमन तरुणपणी बॉस्टनमध्ये चित्रांची गॅलरी चालवत, त्यामुळे नकलेचा प्रश्न त्यांना पुस्तकातून पडलेला नव्हता.) आपल्या भाषेत तर दोन शब्द आहेत. ‘स्वाक्षरी’ म्हणजे स्वतःची अक्षरं. ‘सही’ हा अरबी ‘सहीह’वरून आलेला, म्हणजे बिनचूक, खरं. ही दोन कधी कधी वेगळी पडतात, ते पुढे दिसेल.

आता बेसबॉल. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी या खेळाचं हॉल ऑफ फेम १९३९ साली उघडलं. पहिले पाच मानकरी १९३६ सालीच निवडले होते. मग संग्राहकांनी ध्येय ठरवलं की इथल्या प्रत्येकाची एक तरी सही हवी. बेब रूथची मिळते, त्याने आयुष्यभर भरपूर सह्या दिल्या. अडचण येते ती त्याच्या आधीच्या पिढीची. क्लीव्हलंडचा गोलंदाज, म्हणजे तिकडचा ‘पिचर’, ॲडी जॉस १९११ साली एकतिसाव्या वर्षी गेला. त्या काळी खेळाडूला गाठून चेंडूवर सही मागायची रीत फारशी रुजलेली नव्हती. त्यामुळे अशांच्या ज्या सह्या उरल्या, त्या बहुतेक कामाच्या कागदांवर आहेत : करार, पगाराची पावती, धनादेश, खाजगी पत्र, मृत्युपत्र. म्हणजे आठवण म्हणून दिलेली सही नाही, व्यवहार म्हणून केलेली.

जिथे माल थोडा आणि मागणी फार, तिथे खोटेपणा येणारच. तो पकडण्याची साधनं मात्र मजेदार आहेत. अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असे. जो क्रोनिन १९५९ साली अमेरिकन लीगचा अध्यक्ष झाला आणि रूथ १९४८ साली वारला. क्रोनिनच्या नावाच्या चेंडूवर रूथची सही दिसली, की पुढे अक्षर तपासायची गरजच नाही. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं १९४५ साली, तेव्हा बॉलपेनने केलेली जॉसची सही कोणी दाखवली तर हसून परत करावी. आपण याला अनुपलब्धी म्हणा, बाध म्हणा, पण काम तेच. १९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा निघाले! विकत घेणाऱ्याला एवढासाही प्रश्न पडू नये, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

पण खरा पेच आहे शूलेस जो जॅक्सनचा. विलक्षण फलंदाज. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमधल्या फितुरीच्या प्रकरणात त्याच्यावर कायमची बंदी आली. त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. चाहत्यांना पाठवायच्या सह्या बहुतेक वेळा त्याची बायको केटी करून देई. स्वतः करायची वेळ आली तर तिने लिहून दिलेल्या नमुन्यावर नजर ठेवून तो एकेक अक्षर काढत असे. आपल्याकडे ‘निशाणी डावा अंगठा’ असते, तिथे निदान अंगठा तरी स्वतःचा. केटीची सही नवऱ्याच्या संमतीची, व्यवहारापुरती ‘सही’, पण स्वाक्षरी नव्हे. आणि त्याने स्वतः काढलेली? ती लिहिली की रेखाटली? बाजाराने याचा निकाल लावला आहे : हात त्याचा असला की पुरे. १९११ सालच्या एका छायाचित्रावरची त्याची सही २०२१ साली सुमारे १४.७ लाख डॉलरना गेली. केटीने केलेल्या सहीला तो भाव नाही.

दुर्मिळता म्हणजे थोरवी, असा समज मात्र करून घेऊ नका. टाय कॉब १९६१पर्यंत जगला, हिरव्या शाईने चाहत्यांना पत्रोत्तरं लिहीत राहिला, त्यामुळे त्याची सही मिळते. जॉश गिब्सन कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये खेळला. जानेवारी १९४७मध्ये, पस्तिसाव्या वर्षी गेला. जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडली त्याच्या तीनच महिने आधी. २०२४ साली त्या लीगची आकडेवारी मुख्य नोंदीत धरली गेली आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन कॉबच्या वर गेला. त्याची सही मात्र फार थोड्यांकडे आहे. ज्यांच्याकडे कोणी वही पुढे केली नाही, त्यांची सही आज सर्वांत महाग. यात बाजाराला काही विचित्र वाटत नाही, आम्हाला वाटतं.

आणि कागदांचं काय होतं? काही कार्ड-कंपन्या जुने धनादेश, पत्रं विकत घेतात, नाव तेवढं कापून कार्डात बसवतात. बाकीचा मजकूर गेला. १८६९च्या सिनसिनाटी संघाचा, म्हणजे पहिल्या उघडपणे व्यावसायिक संघाचा, सूत्रधार हॅरी राइट. त्याचा पत्रव्यवहार स्पॉल्डिंग संग्रहातून १९२१ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आला. २००९ साली हॅरीला आलेली काही पत्रं लिलावात दिसली, ती ग्रंथालयातून गेलेली असावीत असा संशय आला आणि चौकशी सुरू झाली. तेव्हा सही अस्सल आहे का, एवढं विचारून भागत नाही. हा कागद तुमच्या हाती आला कसा, हेही विचारावं लागतं.

जॅक्सनच्या मृत्युपत्रावर त्याची सही होती. केटीच्या मालमत्तेच्या वारस ठरलेल्या दोन धर्मादाय संस्थांनी, एक हृदयरोगासाठी आणि एक कर्करोगासाठी काम करणारी, साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल काउंटीकडे तो कागद मागितला. विकून आलेला पैसा चांगल्याच कामी लागला असता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने सांगितलं की दप्तरी दाखल झालेलं मृत्युपत्र हा सार्वजनिक दस्त आहे, आणि मूळ कागद दप्तरातच राहील.