दिव्याला सावकाश जाळंच बरं

खोलीतला दिवा लावण्याचा निरोप जेमतेम काही बाइटचा असतो. त्यासाठी सिनेमे वाहून आणणारं वायफाय वापरणं म्हणजे एका पोस्टकार्डासाठी मालगाडी सोडणं. 2003 मध्ये आलेल्या आयईईई 802.15.4 या मानकाने वेग मुद्दाम कमी ठेवला: 2.4 गिगाहर्ट्झवर सेकंदाला 250 किलोबिट, एका निरोपाची कमाल लांबी 127 बाइट. या काटकसरीमुळेच दारावरचा सेन्सर बहुतेक वेळ झोपून राहतो आणि नाण्याएवढ्या बॅटरीवर दीर्घकाळ चालतो. झिगबी आणि थ्रेड ही दोन्ही जाळी याच पायावर उभी आहेत. त्यांतले थेट विजेवर चालणारे दिवे आणि प्लग शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवतात. म्हणून मोठ्या कार्यालयातही तो मजल्याच्या टोकापर्यंत जातो.

घरात वायफाय आहेच, मग आणखी एक जाळं कशाला, हा आक्षेप रास्त आहे, आणि कॅमेऱ्याला तर वायफायच हवं. शिवाय वायफाय आणि ही जाळी यांची 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात गर्दी होते. मात्र झिगबीचे 25 आणि 26 क्रमांकाचे चॅनेल वायफायच्या 11 व्या चॅनेलच्याही वर आहेत. बसवणाऱ्याने तेवढं पाहिलं तरी त्रास बराच कमी होतो. त्याहून मोठी अडचण भाषेची होती: एका कंपनीचं बटण दुसरीच्या दिव्याला ओळखत नसे. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेलं मॅटर ही सामाईक भाषा आहे. ती थ्रेडवरून चालते आणि वायफायवरूनही. खरेदीपूर्वी खोक्यावर मॅटर आहे का आणि ते थ्रेडवर चालतं की वायफायवर, हे दोन्ही वाचा. मॅटर थ्रेडवर असेल, तर घरात थ्रेड बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारं उपकरण, लागेल.