पाऊणकी आणि हरिहरेश्वरचा खडक

रायगड बघून झाला होता. माणगावहून ताम्हिणी घाट धरायचा आणि पुण्यामार्गे हिंगोली गाठायची, एवढंच उरलं होतं. पण मुलीला हरिहरेश्वरचं टोक कॅमेऱ्यात घ्यायचं होतं. घरापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास आल्यावर तेवढ्यासाठी वाट वाकडी करायला काय हरकत, असं मलाही वाटलं. गाडी म्हसळ्याच्या रस्त्याला लावली.

त्या टोकाचा फोटो मनात आलं तेव्हा काढता येत नाही. काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट वर चढते आणि दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरते. खालचा खडकाचा सपाट पट्टा उघडा पडतो तो ओहोटीलाच. भरतीत लाट कड्यावर आपटते, माणसं ओढली गेली आहेत. शहाळीवाल्या काकांनी आधी तेच बजावलं. मग म्हणाले, "तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पुढं सहा तासांनी सुकती."

माझ्या आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. त्या दिवशी मार्गशीर्षातली पौर्णिमा. ती लगेच म्हणाली, "पंधरा पाऊण सव्वा अकरा." म्हणजे सव्वा अकराला पूर्ण भरती आणि सव्वापाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. डिसेंबरात सूर्य मावळतो सहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणून पाणी चढतं तसं उतरतंही खूप. खडक जास्तीत जास्त उघडा आणि ऊन तिरपं, हा मेळ त्याच दोन तिथींच्या आगेमागे बसतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, उजेड सपाट पडतो आणि भांगाचं पाणी फारसं हटतही नाही.

पायऱ्या उतरल्यावर आई कड्याशी थांबली. हात फिरवून म्हणाली, "आरं, ह्यो तर आपल्या हिरीतला मांजऱ्या हाय!"

तिचं खरं होतं. आमच्याकडे विहीर खणताना काळी माती, मुरूम आणि त्याखाली हाच छिद्रांचा दगड लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतत गेलेल्या लाव्हाचा हा खडक हिंगोलीच्या शेतांखालीही आहे आणि इथे अरबी समुद्रातही उभा आहे. कोरला मात्र वेगळा जातो. लाटांचे तुषार बारीक भेगांत शिरतात, उन्हाने पाणी उडतं, मीठ राहतं. मिठाचे स्फटिक वाढताना दगडाचा एकेक कण सुटा करतात. खळगा सावलीत राहिल्याने ओल टिकते आणि तो आणखी खोल होतो. असे हजारो खळगे मिळून कड्यावर मधाचं पोळं झालं आहे. मला तर समुद्रापेक्षा हेच बघण्यासारखं वाटलं.

मुलीचे पहिले फोटो फिके आले. समोर सगळं काळं दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि खडक राखाडी करून टाकतो. तिने उजेड एक पायरी उतरवला, तेव्हा ओल्या दगडाचा काळा रंग जागेवर आला. दुसरी अडचण उन्हाची. सूर्य समुद्रावर, त्यामुळे कड्यावर ऊन समोरून पडतं आणि खळगे दिसेनासे होतात. कड्याला खेटून उभं राहिलं, भिंत लांबवर तिरपी जाताना बघितली, की प्रत्येक खळग्याची एक कड उजळते, दुसरी अंधारात जाते. दर थोड्या वेळाने भिंगावर खारट थर बसायचा. आई पदर पुढे करायची. मुलगी म्हणायची, "आजी, नको, ओरखडे पडतील," आणि मऊ फडकं काढायची. खडक किती उंच ते कळावं म्हणून शेवटी आजीलाच कड्याखाली उभं केलं.

सूर्य बुडाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चांगला उजेड असतो आणि पाऊल निघत नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाने वाढतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाव-पाव हिश्शाने. म्हणजे धोका लगेच नव्हता. तरी ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या अंधारात म्हाताऱ्या माणसाला चढवायच्या नाहीत, म्हणून सव्वासहाला मी सगळ्यांना वर घेतलं. मुलगी आणखी एक, आणखी एक म्हणत सर्वांत शेवटी आली.