स्वस्त विंच, महाग विंच

२०१० मध्ये महिंद्राची थार आली आणि पुण्या-मुंबईकडून पावसाळ्यात मुद्दाम चिखल शोधत निघणाऱ्यांची संख्या बघता बघता वाढली. त्याआधी हे वेड जिप्सीवाल्यांचं आणि जुन्या लष्करी जीप जिवापाड जपणाऱ्या मोजक्या मंडळींचं. जिप्सी जेमतेम टनभर वजनाची. रुतली तर चौघं-पाच जण खाली उतरून ढकलायचे, तेवढ्याने नाही निघाली तर गावातला ट्रॅक्टर यायचा. फारच हौशी माणसाच्या गाडीत हाताने दांडा मारून ओढायचा टिरफोर असायचा. थार तिच्यापेक्षा बरीच जड, आणि ती घेणारे जिथे ट्रॅक्टर पोचत नाही अशा ओढ्यांत उतरू लागले. मग गाडीच्या नाकावर, ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारी विंच दिसायला लागली, आणि आजतागायत न मिटलेला वाद सुरू झाला: चीनमधली स्वस्त घ्यावी की तिप्पट-चौपट मोजून अमेरिकन घ्यावी?

या वादात लोक ठाम मतं मांडतात, पण ती मतं कोणत्या काळातली हे सांगत नाहीत. २००५ ला खरं असलेलं २०१५ ला खरं राहिलं नव्हतं, आणि २०१५ चं आज राहिलेलं नाही. म्हणून थोडं मागे जाऊन बघायला हवं.

आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सिएटलला कंपनी काढली ती विंचसाठी नव्हे. युद्ध संपल्यावर लष्करी जीप स्वस्तात विकायला निघाल्या होत्या. साध्या रस्त्यावर त्यांचा पुढचा आस विनाकारण फिरत राहू नये म्हणून वॉर्न लॉकिंग हब बनवत. तेव्हाच्या विंच बहुतेक इंजिनावर चालायच्या. गिअरबॉक्समधून दांडा काढून ताकद घ्यायची, म्हणजे इंजिन बंद पडलं की विंचही बंद. आणि नदीत अडकलेल्या गाडीचं इंजिन नेमकं तेव्हाच बंद पडतं. १९५९ मध्ये वॉर्नची बॅटरीवर चालणारी विंच आली आणि हौशी माणसाच्या आवाक्यात पहिल्यांदा हे साधन आलं. १९७४ मध्ये आलेल्या ८२७४ चं नावच तिची ओळख सांगतं: आठ हजार पौंड, साल चौऱ्याहत्तर. मोटर ड्रमच्या डोक्यावर उभी, साधे दातेरी गिअर, ब्रेक ड्रमच्या बाहेर, दोर गुंडाळण्याचा वेग भरपूर. स्पर्धेत उतरणारे आजही ही विंच शोधून काढतात आणि ब्रिटनमधली गिगलपिनसारखी वर्कशॉप्स त्याच सांगाड्यावर दोन-दोन मोटरींची यंत्रं उभी करतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राला एवढी मागणी असणं हीच त्या रचनेला मिळालेली पावती.

त्या काळात स्वस्त-महाग असा प्रश्नच नव्हता. वॉर्न, टल्साची रॅम्झी, सुपरविंच अशी चार नावं होती, सगळीच महाग आणि सगळीच दणकट. प्रश्न उभा राहिला तो लांबोड्या, बुटक्या विंचमुळे. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला प्लॅनेटरी गिअर, मध्ये ड्रम आणि त्या ड्रमच्या पोटात ब्रेक. बंपरमध्ये सहज बसते, बनवायला सोपी, जुळवायला सोपी. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या कारखान्यांनी ही रचना उचलली आणि २००० नंतरच्या दशकात जगभर त्यांच्या विंच वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाऊ लागल्या. स्टिकर दहा, आतला माल एकच, असं सर्रास होतं.

त्या पहिल्या पिढीची बदनामी खोटी नव्हती. आपल्याकडे आलेल्या विंचची मोटर सहसा जळायची नाही. जायचा तो कंट्रोल बॉक्स. झाकणाच्या फटीतून पाणी आत, सोलेनॉइड चिकटून बसणार, आणि बटण सोडलं तरी विंच ओढतच राहणार. ज्याने हे एकदा पाहिलंय तो बॅटरीच्या वायरवर हाताशी येईल असा कटऑफ स्विच लावल्याशिवाय राहत नाही. तो स्विच विंच महाग असो वा स्वस्त, लावाच.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ९५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४३०० किलोंची विंच ही ताकद फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराला देते, जवळजवळ सगळा दोर बाहेर काढलेला असताना. दोराचे थर चढत जातात तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटत जाते. सगळ्यात वरच्या थरावर साधारण एक-तृतीयांश ताकद गेलेली असते. दोर बांधलेलं झाड दहा फुटांवर असेल आणि दोर थोडाच सोडला असेल, तर तुमच्या हातात असते ती ही उरलेली ताकद. नामवंत कंपन्या प्रत्येक थराचा आकडा, त्या वेळचा वेग आणि मोटर किती अँपिअर खेचते याचा तक्ता देत आल्या आहेत. स्वस्त विंचच्या खोक्यावर बराच काळ एकच मोठा आकडा असायचा. माझ्या मते पैशाचा खरा फरक तेव्हा इथे होता: महाग विंचचा आकडा पाळला जायचा, स्वस्तचा मानून चालायचा.

यावर उपाय मात्र दोघींनाही सारखाच लागू पडतो. स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडून दोर अडकवता येणारी कप्पी, लावून दोर दुहेरी करा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो, मोटर थंड राहते. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची विंच घ्यावी हा जुना ठोकताळा लावला तर थारला आठ हजार पौंडांची पुरते. तरीही लोक बारा हजारांची घेतात, पुढच्या स्प्रिंगवर जादा वजन टाकतात आणि स्नॅच ब्लॉक घरी विसरतात.

सगळ्यात मोठा बदल विंचमध्ये नाही, दोरात झाला. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीने १९९० मध्ये डायनीमा धाग्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. त्याच्या दोराचं पोलादाच्या तुलनेत वजन नगण्य, तो पाण्यावर तरंगतो, आणि मुख्य म्हणजे तुटला तर पोलादी तारेसारखा चाबूक होऊन माणसावर येत नाही. वायर रोपच्या काळात आम्ही तारेवर घोंगडी टाकायचो, बघ्यांना लांब हाकलायचो आणि तरी जीव मुठीत असायचा. सिंथेटिक दोर आला तशी ती भीती बरीच ओसरली. पण हा धागा दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आणि बुटक्या विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटात. उतारावर भार पेलत दोर मोटरने सोडत राहिलात तर ब्रेक घसरत तापतो, ड्रम तापतो, आणि सगळ्यात आतला थर, जो कधी नजरेसच पडत नाही, तो कडक होत जातो. स्वस्त विंचवर नुसता रंगीत दोर चढवून ती महाग होत नाही ती यामुळे. काही वरच्या दर्जाच्या विंचमध्ये ब्रेक पुन्हा ड्रमबाहेर आणला गेला. ८२७४ मध्ये तो आधीपासून तिथेच होता.

२०१४ च्या पावसाळ्यात मलेशियातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा गोव्यात भरली आणि आपल्याकडच्या हौशी लोकांना पहिल्यांदाच कळलं की विंच दिवसभर, दिवसामागून दिवस चालवायची असते म्हणजे काय. लाल चिखल, भर ओढे, उभे चढ. बारा व्होल्टची मोटर पूर्ण भाराला चारशे अँपिअरच्या घरात वीज खेचते. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या चौथाई-तिहाई देतो, बाकी सगळं बॅटरीच्या जिवावर. तिथून पुढे लोक दुसरी बॅटरी, जाड केबल, नीट अर्थिंग यांबद्दल बोलू लागले. त्याआधी बोलणं फक्त ब्रँडचं असायचं.

पाण्याचा खेळही तेव्हाच उमगला. ओढून ओढून तापलेली मोटर थंड ओढ्यात बुडते, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. पावसाळा संपल्यावर विंच उघडली की गिअरच्या बाजूचं ग्रीस दुधाळ चहाच्या रंगाचं निघतं, मोटरच्या टोकाच्या झाकणात तांबूस पाण्याचा घोट सापडतो, कार्बन ब्रश आपल्या खाचेत गंजाने अडकलेले असतात. महाग विंचमध्ये सील चांगलं असतं, म्हणून हे उशिरा होतं. होतच नाही असं नाही. बहुतेकांनी महाग विंच घेतली म्हणून ती वर्षानुवर्षं उघडलीच नाही, आणि नेमकी तीच ऐनवेळी जाम झाली.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुल बारवर बंदीची सूचना काढली तेव्हा विंच बसवायची कुठे हाच प्रश्न आला. मोठाले पोलादी बंपर उतरले, मूळ बंपरच्या मागे दडवलेल्या माउंटिंग प्लेटा आल्या. पादचाऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून केलेला नियम होता आणि तो योग्यच होता. शहरातल्या रस्त्यावर पुढे लोखंडाचा दरवाजा घेऊन फिरण्याचं समर्थन मी तरी करणार नाही.

दरम्यान अंतर दोन्ही बाजूंनी कमी होत गेलं. चीनच्या कारखान्यांनी सील सुधारली, सोलेनॉइडच्या जागी बंदिस्त कॉन्टॅक्टर आणले, थरागणिक आकडे छापायला सुरुवात केली. वॉर्नने कमी किमतीची व्हीआर मालिका काढली ती चीनमध्येच बनवून. त्यामुळे ‘चिनी म्हणजे टाकाऊ’ हे वाक्य आता टाकून द्यायला हवं. आज महाग विंचमध्ये जादा पैसे जातात ते तीन गोष्टींना: भार पडल्यावरही टिकणारा वेग, तापमान सहन करणारा ब्रेक आणि दहा-पंधरा वर्षांनीही मिळणारे सुटे भाग. यातली तिसरी गोष्ट भारतात कमकुवत पडते, कारण भाग आयात करायचे, जकात भरायची आणि पावसाळा सरेपर्यंत वाट बघायची. उलट खपाच्या चिनी विंचचा मोटर-आर्मेचर किंवा कॉन्टॅक्टर पुण्या-मुंबईत मिळून जातो, आणि रिवाइंडिंग करणारा कारागीर तर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे.

तेव्हा माझं मत असं. वर्षातून चार वेळा मित्रांच्या गाड्यांसोबत सह्याद्रीत जाणाऱ्याने नाव असलेली, थरांचा तक्ता देणारी मध्यम किमतीची विंच घ्यावी आणि उरलेले पैसे चांगला सिंथेटिक दोर, स्नॅच ब्लॉक, झाडाला इजा न करणारा रुंद पट्टा आणि तगडी बॅटरी यांत घालावेत. स्पर्धेत उतरणाऱ्याने, आणि लडाख-अरुणाचलकडे एकट्या गाडीने जाणाऱ्याने महागच घ्यावी. तिथे विंच बंद पडली तर मागून कोणी येणार नसतं. दोघांनीही मे महिन्यात ती गाडीवरून उतरवावी, उघडावी, ग्रीस बदलावं, दोर शेवटच्या थरापर्यंत सोडून बघावा आणि हलका भार ठेवून पुन्हा घट्ट गुंडाळावा. एका दुपारचं काम आहे, आणि ते पहिल्या पावसाआधी उरकलेलं बरं.