गॅसच्या शेकोटीतला कोळी

अमेरिका-कॅनडात घरामागच्या अंगणात गॅसची शेकोटी सर्रास दिसते. लाकूड नाही, राख नाही, म्हणजे साफसफाईही नाही, असं अनेकांना वाटतं. तिथेच घोटाळा होतो.

खरा उपद्रव कोळ्याचा. बर्नरकडे जाणाऱ्या अरुंद नळीत गॅस आणि हवा मिसळतात. उन्हाळाभर बंद असलेल्या या नळीत कोळी जाळं विणतो, अंडीही घालतो. हवा अडली की ज्योत मरगळते, काजळी धरते. कधी गॅस उलट फिरून नळीबाहेरच पेट घेतो. शोभेच्या शेकोटीची ज्योत थोडी पिवळी असतेच, पण काजळी दिसली की गॅस बंद करून, शेकोटी पूर्ण थंड झाल्यावर लवचीक ब्रशने नळी साफ करावी. बर्नरची भोकं कोरून मोठी मात्र करू नयेत.

शेकोटीत बर्नरवर पसरलेले लाव्हा दगड पावसात भिजले असतील तर आधी वाळू द्यावेत; आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकू शकतो. शेकोटी प्रोपेन गॅसवर चालत असेल तर आणखी एक काळजी: प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. म्हणून शेकोटीच्या चौथऱ्याच्या तळाचे झरोके पालापाचोळ्याने बुजू देऊ नयेत.

गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, पेटत्या काडीने कधीच नाही. वास आला तर लगेच दूर व्हावं. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो: 1937 मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे 300 जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं.