वाइनची द्राक्षे आणि त्यांचे स्वभाव

माघ-फाल्गुनात काशीच्या पहाडिया मंडीत नाशिकची द्राक्षे येऊ लागतात. पेट्यांत निजविलेले ते लांबट, हिरवट-पिवळे घड पाहून येथील महाराष्ट्रीय मंडळींना गावाकडची आठवण होते, आणि भाव ऐकला की ती लौकरच ओसरते. परंतु ज्या द्राक्षांविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे ती या मंडीत येत नाहीत. किंबहुना फळबाजार त्यांच्यासाठी नाहीच. नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांच्या बागांशेजारीच ती पिकतात, पण घड खुडला की तो थेट वाइनच्या कारखान्यात जातो. वाटाण्याहून थोडा मोठा मणी, जाड साल आणि आत बिया. असे द्राक्ष फळवाल्याने एकदा फुकट दिले तरी दुसऱ्यांदा कोणी मागणार नाही.

द्राक्षाचा रस आंबविण्याची विद्या आपणांस नवी नाही. काशी ही वैद्यांची नगरी. येथील औषधालयांत द्राक्षासवाची बाटली आजही मिळते. मनुकांचा काढा करावयाचा, त्यात गूळ वा साखर मिसळावयाची आणि धायटीची फुले टाकून भांडे झाकून ठेवावयाचे. फुलांबरोबर किण्व येते, आणि गोडीचे हळूहळू मद्यार्कात रूपांतर होते. त्यात दालचिनी, वेलची, मिरी यांसारखी द्रव्येही पडतात. मनुका कोणत्या जातीच्या द्राक्षाची, हा प्रश्न येथे फारसा महत्त्वाचा नसतो, कारण स्वादाचा भार अनेकांनी वाटून घेतलेला असतो. वाइनमध्ये हे वाटेकरी नसतात. ताज्या द्राक्षाचा रस आणि किण्व, एवढ्यावरच सारा खेळ. म्हणून तेथे जात हा पहिला प्रश्न होतो. (मद्य प्यावे की न प्यावे, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा, माझा विषय वेलापुरता आहे.)

जगातली बहुतेक वाइन ‘व्हायटिस व्हिनिफेरा’ या एकाच वनस्पतीच्या नाना जातींपासून होते. आपले खाण्याचे थॉमसन सीडलेसही त्याच कुळातले. मग फरक कोठे पडतो? पहिला फरक साखरेचा. वाइनसाठी रसात साधारणतः शेकडा २२ ते २४ इतकी साखर लागते, तेव्हा १२-१३ टक्के मद्यार्क तयार होतो. पण नुसत्या साखरेने भागत नाही. साखर चढत असताना आम्ल टिकून राहिले पाहिजे, नाहीतर वाइन गुळचट आणि निर्जीव लागते. तिसरी गोष्ट सालीची. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आपण समजतो तसा लाल नसतो. पिळून पाहिला तर तो जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून लाल वाइनचा रस सालीबियांसह आंबवितात आणि पांढऱ्या वाइनचा आधी पिळून घेतात. मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानाने साल अधिक येते. खाण्याच्या द्राक्षाचा शेतकरी जिबरेलिक आम्ल वापरून मणी फुगवितो; वाइनच्या द्राक्षात तसा फुगलेला मणी म्हणजे पातळ झालेला माल होय.

आता जातीचे हे गुण वेलावर कसे उतरतात, ते ऋतूवर अवलंबून असते. गंगेच्या खोऱ्यात द्राक्षवेल कधीच नव्हता असे नाही. आग्र्याच्या बागेत द्राक्षे पिकल्याचा आनंद बाबराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविला आहे. परंतु उत्तरेत वेल थंडीत पाने गाळून झोपतो, एकदाच छाटला जातो आणि फळ पिकते ते मेअखेर वा जूनमध्ये. त्या वेळी काशीत दिवसच काय, रात्रही तापलेली असते, आणि उष्ण रात्री मण्यातले मॅलिक आम्ल वेल स्वतःच श्वसनात खर्चून टाकतो. शिवाय जूनच्या उत्तरार्धात पाऊस दाराशी येतो. पिकत्या मण्यावर पाणी पडले की साल तडकते आणि घड सडतो. म्हणूनच उत्तरेत पर्लेटसारख्या लवकर येणाऱ्या जातीच लावाव्या लागल्या.

नाशिकचा वेल मात्र झोपतच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या त्या पठारावर थंडी असते, पण वेलाला निजविण्याइतकी कडक नसते. तेव्हा शेतकऱ्याने वेलाचे कॅलेंडरच बदलले. एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’ करून नव्या काड्या घ्यावयाच्या आणि पावसाळा सरताना ‘गोडी छाटणी’ करून त्या काड्यांवर फळ धरावयाचे. युरोपात जे फळ शरद ऋतूत उतरते ते येथे जानेवारी ते मार्चमध्ये उतरते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, या जोडीमुळे साखर चढते आणि आम्लही टिकते.

या व्यवस्थेत कोणत्या जाती रुळल्या? पांढऱ्यांत शेनाँ ब्लाँ हिला मी पहिला मान देईन. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातली ही जात दक्षिण आफ्रिकेत ‘स्टीन’ या नावाने नांदली. हिचे आम्ल चिवट असते, उन्हातही सहजी हटत नाही. त्यामुळे कोरडी, गोड आणि फेसाळ अशा तिन्ही प्रकारच्या वाइनना ती चालते. दोष एवढाच की घड घट्ट असतो; आत दमटपणा राहिला की कुजण्यास वेळ लागत नाही.

सोव्हिन्याँ ब्लाँचा स्वभाव निराळा. तिचा ओळखीचा वास हिरव्या गवताचा, ढोबळ्या मिरचीचा. हा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते उन्हाने उडून जाते. काढणी चार दिवस लांबली की गोडी वाढते पण जातीची खूण पुसट होते. अधिक साखरेला अधिक भाव, या आपल्या सरळ हिशेबाला ही जात जुमानत नाही.

लालांमध्ये शिराझचे नाव ऐकताच हाफिजाच्या नगरीची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे, आणि हा वेल इराणातून युरोपात गेल्याची कथाही पुष्कळ काळ सांगितली जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए तपासणीने ती निकालात काढली. शिराझ ऊर्फ सिराहचे आईबाप, मोंदोज ब्लान्श आणि द्युरेझा, हे दोघेही फ्रान्सच्याच आग्नेय भागातले, आणि गंमत म्हणजे आई पांढरी. गोष्ट गेली, तरी गुण राहिला. गडद रंग, मिरीसारखा किंचित झणझणीत वास आणि उन्हाशी जमवून घेण्याची वृत्ती, यांमुळे हा वेल नाशिकला मानवला. काबर्ने सोव्हिन्याँचेही कूळ १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे उकलले: काबर्ने फ्राँ आणि वर सांगितलेली सोव्हिन्याँ ब्लाँ यांचा तो संकर. मणी अगदी लहान, साल जाड, बी मोठे. त्यामुळे तुरटपणा भरपूर आणि वाइन दीर्घकाळ टिकणारी. पण तो पिकतो उशिरा. शेतकऱ्याला उन्हाळ्याच्या उंबरठ्यापर्यंत राखण करावी लागते. झिनफँडेल कॅलिफोर्नियातून आले. त्याचे मूळ क्रोएशियात सापडले. एकाच घडात पिकलेले आणि कच्चे मणी शेजारी शेजारी असणे, ही त्याची खोड. पिनो न्वार किंवा रीसलिंग यांची कीर्ती मोठी, पण त्या मुळात थंड प्रदेशाच्या जाती. पातळ सालीच्या पिनोने दख्खनच्या उन्हात आपला खानदानी स्वभाव दाखवावा ही अपेक्षाच मला अवाजवी वाटते.

महाराष्ट्रात या उद्योगाची आधुनिक सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगाव भागात श्यामराव चौगुले यांनी केली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाइनच्या जाती लावल्या. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आईच्या ‘सुलभा’ या नावावरून त्यांनी उद्योगाला ‘सुला’ नाव दिले. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क योजले. कारखाने भराभर निघाले, आणि शेतकऱ्यांनी थॉमसन काढून शिराझ, काबर्ने लावले.

येथे जातीचा प्रश्न प्रपंचाचा होतो. कांदा फसला तर पुढच्या हंगामात दुसरे पीक घेता येते. वेल लावला की पहिल्या पिकासाठीच दीड-दोन वर्षे थांबावे लागते, आणि नंतर तो दहा-पंधरा वर्षे उभा राहतो. थॉमसनला नाशिकचा व्यापारी नाही मिळाला तर काशीचा, काशीचा नाही तर कोलकात्याचा मिळतो. तेही नाही तर बेदाणा करता येतो. काबर्नेला एकच गिऱ्हाईक, ते म्हणजे वाइनचा कारखाना. २००८ मध्ये जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनची मागणी घसरली. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्याच होत्या. त्यांनी द्राक्षे घेण्याचे नाकारले तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी तारांवरचे निरोगी वेल उपटून टाकले. त्या वेलांत दोष नव्हता; आम्ल, साखर, साल सारे शास्त्राप्रमाणे जमले होते.

त्यानंतर लागवडीपूर्वी कारखान्याशी लेखी करार करण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढला आहे. जातींच्या बाबतीतही शोध चालू आहे. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन कुळातली कॅटॉबा आणि व्हिनिफेरा कुळातली ब्यूटी सीडलेस यांचा संकर करून ‘एआरआय-५१६’ ही जात काढली. केवडा-भुरीसारख्या बुरशीच्या रोगांना ती बऱ्यापैकी तोंड देते, म्हणून फवारणीचा खर्च कमी होतो. तिची वाइन काबर्नेच्या पंक्तीला बसेल असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यापासून लाल वाइन होते तसा रसही होतो, जामही होतो. एखाद्या वर्षी वाइनवाला बांधावर आला नाही, तर रसवाला तरी येईल.