पातं सारखं मोडतंय? हे करून बघा

ताईंनो, नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी कापायला गटात स्क्रोल सॉ मशीन आलं, की पहिली तक्रार ठरलेली: पातं सारखं मोडतं. नफा तिथेच जातो. नवीन मशीन घेण्याआधी घरच्या घरी एवढं करा.

१) हादरा : मशीन जड टेबलाला बोल्टने आवळा. खाली जुन्या टायर-ट्यूबचा तुकडा घाला. मशीन कमी थरथरलं की रेघ सुटत नाही.

२) पातं : दात खाली, ताण घट्ट. पातळ प्लाय कापताना पात्याचे मधले थोडेच दात झिजतात. मशीनच्या टेबलावर अर्धा इंची प्लाय बसवा, मधे पात्यापुरतं भोक ठेवा. मग वरचे कोरे दात कामाला येतात.

३) भुसा : फिशटँकचा छोटा हवेचा पंप आणि नळी लावा, म्हणजे रेघ स्वच्छ दिसते. पण उडालेला भुसा छातीत जातो. मास्क हवाच, एमडीएफ कापताना तर नक्कीच.

वायरिंगला मात्र हात लावू नका. पातं बदलताना आधी प्लग काढा. पदर खोचा, सैल बांगड्या उतरवा.

एका पात्यात किती पाट्या झाल्या, ते वहीत लिहा. शिंदखेड्याच्या पुढच्या बैठकीला वही आणा, हिशोब सोबत बसून करू.