यादीत नसलेले प्राणी

बुलढाणा जिल्ह्यातील सस्तन प्राण्यांची कोणतीही यादी पाहिली, तरी तीत शिशुधान प्राणी, म्हणजे कांगारूप्रमाणे अपुऱ्या वाढीचे पिलू जन्माला घालून ते बहुधा पोटावरील पिशवीत वाढवणारे प्राणी, आढळत नाहीत. ही उणीव भूगर्भीय इतिहासाने ठरवलेली आहे; कारण भारताचा भूखंड अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियापासून सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी सुटू लागला, तर शिशुधानांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचले ते त्यानंतर फार उशिरा, आणि तोवर भारत त्या वाटेवर उरला नव्हता. तरीही सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत मिळालेले काही इवलेसे जीवाश्म दात शिशुधानांचे मानले गेले आहेत. तथापि तो वंश येथे टिकला नाही.

चिचुंद्री किंवा रानउंदराची एखादी जात यादीत नसेल, तर मात्र इतके ठाम विधान करता येत नाही. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ २०१९च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचल्याचे त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे कळले. त्याच सुमारे २०५ चौरस किलोमीटर रानातील चिचुंद्रीला हा मान कोण देणार? मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात खानदेश आणि वऱ्हाड आरंभीच घेतले गेले होते, हे पाहता त्या काळी उंदरांकडे अधिक आदराने पाहिले जात असावे.

अशा सर्वेक्षणाचा कणा म्हणजे शोधशक्यता, अर्थात प्राणी त्या जागी असताना तो एका रात्रीत नोंदला जाण्याची शक्यता. ती ३० टक्के धरली, तर सलग चार रात्री पिंजरे लावूनही तो न सापडण्याची शक्यता २४ टक्के राहते आणि दहा रात्रींनंतरच ती ३ टक्क्यांखाली येते. म्हणून एकदाच फेरी मारून ‘आढळला नाही’ असे लिहिणे अशास्त्रीय ठरते. सापळ्यांतही भेद आहे: शेंगदाण्याच्या आमिषाने उंदीर पत्र्याच्या पेटीत शिरतात, परंतु कीटकभक्षी चिचुंद्रीसाठी जमिनीत बादली पुरावी लागते आणि ती वारंवार तपासावी लागते, कारण हा जीव काही तासांच्या उपासानेही मरतो. प्राणी न पकडताही बरेच कळते, कारण गव्हाणी घुबड न पचलेली हाडे व केस गोळ्यांच्या रूपाने ओकून टाकते आणि त्यांतील जबड्याच्या दातांवरून भक्ष्य ओळखता येते; असे गोळे शोधण्यासाठी ओसाड वाडे आणि जुन्या विहिरींच्या कपारी रानाइतक्याच उपयोगी पडतात.